आशाताईंना नवजात बाळाची गृहभेट कशी शिकवावी

प्रसूती दवाखान्यात झाली असेल, तर आशाताईंनी, म्हणजे गावातल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांनी, बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचे असते. घरीच झाली असेल, तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करणे, अंग गार आहे की तापले आहे हे पाहणे, श्वास मोजणे आणि आई अंगावर नीट पाजते आहे का हे पाहणे, ही त्या भेटीतली मुख्य कामे होत. यांतले एकही काम फळ्यावर शिकवून येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना ही कौशल्ये शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले आणि ते निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा गावातल्या बाईला हे जमेल का, असा प्रश्न आता उरलेला नाही. तिच्या हाताला पुरेसा सराव मिळेल अशी आखणी करणे, ही प्रशिक्षकाची जबाबदारी आहे.

आखणीची सुरुवात तारखेपासून करावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांत भातलावणीच्या दिवसांत प्रशिक्षण ठेवले, तर निम्म्या जणी शेतात आणि उरलेल्या घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या असतात. गावच्या बाजाराचा दिवसही टाळावा. पंचवीस-तीस जणींची तुकडी असली, तरी प्रत्यक्ष सरावासाठी पाच-सहा जणींचेच गट करावेत आणि प्रत्येक गटाला वजनकाटा, थर्मामीटर व घड्याळ स्वतंत्र द्यावे. साहित्य कमी असेल, तर विषय कमी करावेत, पण सराव कमी करू नये.

वजनापासून आरंभ करणे सोयीचे, कारण त्यात चूक लगेच दिसते. झोळीचा काटा असेल, तर रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणणे ही पहिली पायरी. तीच सर्वाधिक वेळा सुटते. त्यानंतर काटा डोळ्यांच्या पातळीवर धरणे, झोळी अंथरुणापासून फार उंच न नेणे आणि काटा स्थिर झाल्यावरच आकडा वाचणे. सरावासाठी किराणा दुकानातली खात्रीची वजने वापरून तांदळाचे एक गाठोडे बरोबर २,४०० ग्रॅमचे करावे. प्रत्येकीने ते तोलून आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदमच उघडाव्यात. जन्माच्या वेळी २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेले बाळ कमी वजनाचे धरतात, त्यामुळे झोळीच्या शंभर-दीडशे ग्रॅमचा घोळ झाला, तर जपायला हवे ते बाळ धडधाकट म्हणून नोंदले जाते. चिठ्ठ्यांवरचे वेगवेगळे आकडे शेजारी शेजारी पाहिले, की हे समजावून सांगावे लागत नाही.

श्वास मोजण्याला मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका सरावात एका ताईंनी मला विचारले, “मॅडम, घड्याळाकडं बघू की बाळाच्या पोटाकडं?” इतकी वर्षे शिकवूनही हा प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता. एकटी बाई दोन्हीकडे पाहू शकत नाही. नजर घड्याळाकडे वळली, की दोन-तीन श्वास निसटतात. तेव्हापासून मी मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावायला शिकवते आणि गजर होईपर्यंत नजर पोटावरून हलवू देत नाही. बाळ शांत असावे, रडत किंवा दूध पीत नसावे, अंगावरचा कपडा पोट दिसेल इतकाच वर घ्यावा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय मुळातच लागू देऊ नये, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर धोका समजून बाळाला लगेच दवाखान्यात पाठवावे. सरावासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाला आलेल्या बाळांच्या आयांची परवानगी घेऊन दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजावे. दोघींच्या मोजणीत दोन-तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर पुन्हा मोजायचे. छाती आत ओढली जाणे हे लक्षण चित्रापेक्षा व्हिडिओत चांगले कळते. त्याला घरातली माणसे ‘पोट उडतंय’ म्हणतात, म्हणून ताईंच्या कानालाही तोच शब्द ओळखीचा करून द्यावा.

तापमान काखेत, थर्मामीटर वाजेपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. आपल्याकडे पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत आणि दमट कपड्यात बाळ गार पडते, म्हणून पाय पोटापेक्षा गार लागतात का हे हाताने पाहायलाही शिकवावे आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण कसे घालायचे, हे बाहुली घेऊन करवून घ्यावे.

ऊसतोडणीच्या हंगामासाठी एक सत्र वेगळे ठेवावे. फडाजवळच्या खोप्यांत राहणाऱ्या बाळंतिणी पहाटेच कामावर जातात, त्यामुळे दुपारी गेलेल्या ताईंना कुणीच भेटत नाही. भेटीची वेळ मुकादमाला विचारून आधी ठरवावी. तिथे काटा अडकवायला आढे भक्कम असेलच असे नाही. अशा वेळी काटा हातात धरणारी दुसरी बाई कोण, हे सरावातच ठरलेले असावे. बाळाला दवाखान्यात न्यायचे ठरले, तर १०८ ला फोन करून जागा कशी सांगायची, याचाही सराव घ्यावा. ‘कारखान्याच्या रस्त्याला’ एवढ्यावर गाडी पोहोचत नाही; गाव, पाणंद, विहीर किंवा देऊळ अशी खूण सांगता आली पाहिजे.

प्रशिक्षण संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत गटप्रवर्तकांनी, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंनी, प्रत्येकीबरोबर किमान एक गृहभेट करावी. त्या भेटीत बोलणे आशाताईंचेच असू द्यावे. चूक दिसली तरी बाळंतिणीच्या सासूसमोर सुधारू नये, अंगणात आल्यावर सांगावी. बाळाला इजा होण्याचा संभव असेल, तेव्हाच मध्ये हात घालावा. आणि निघण्यापूर्वी पिशवीतला काटा शून्यावर येतो का, थर्मामीटरचा सेल चालू आहे का, हे त्यांच्यासमोर तपासून बिघडलेली वस्तू त्याच आठवड्यात बदलून द्यावी.