रोपवाटिकेचे संकेतस्थळ आणि ‘टेस्टिंग’मध्ये राहिलेला फिल्टर

जळगावात पदवी घेतल्यावर मला पहिले काम मिळाले ते रावेर तालुक्यातील एका केळी रोपवाटिकेच्या संकेतस्थळाचे. ट्रॅफिक, म्हणजे संकेतस्थळाला होणाऱ्या भेटी, मोजायचे आणि वाढवायचे, एवढीच माझी जबाबदारी होती. भेटी मोजणारे गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ हे साधन जोडले आणि तीन महिने आकडे वाढताना पाहून मी खूश होतो. मात्र रोपांच्या नोंदणीसाठी येणारे फोन होते तेवढेच राहिले. शेठनी त्याचे कारण विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो दिवस आठवला की मला आजही अस्वस्थ वाटते.

झाले असे, की कार्यालयातील पाचही जण रोज सकाळी दर पाहण्यासाठी तेच संकेतस्थळ उघडत होते आणि मी स्वतः तर दिवसातून कितीदा तरी. ही घरचीच वर्दळ वगळण्यासाठी मी डेटा स्ट्रीमच्या (संकेतस्थळावरून अ‍ॅनालिटिक्समध्ये येणाऱ्या माहितीच्या) सेटिंगमध्ये ‘इंटर्नल ट्रॅफिक’चा नियम लिहून कार्यालयाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिला होता आणि काम संपले असे समजलो होतो. ते संपलेले नव्हते. त्या नियमामुळे भेटीवर केवळ ‘इंटर्नल’ अशी खूण उमटते. ती भेट प्रत्यक्ष वगळण्याचे काम ‘डेटा फिल्टर्स’मधील वेगळा फिल्टर करतो आणि तो मुळात ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो. तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ करेपर्यंत एकही भेट वगळली जात नाही. अ‍ॅक्टिव्ह केल्यानंतरही तो पुढच्याच माहितीला लागू होतो, त्यामुळे माझे मागचे तीन महिने कायमचे भेसळीचे राहिले. उलट बाजूही लक्षात ठेवा: वगळलेली माहिती पुन्हा कधीच मिळत नाही. म्हणून फिल्टर आधी काही दिवस टेस्टिंगमध्ये ठेवून कोणत्या भेटींवर खूण पडते ते तपासावे आणि खात्री पटल्यावरच तो सुरू करावा.

यातही एक अडचण उरतेच. आमच्यापैकी कोणी मोबाइल डेटावरून संकेतस्थळ उघडले तर हा नियम चालत नाही, कारण मोबाइल डेटाचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असू शकतात. तो वगळायला गेलात तर यावलचा एखादा खरा शेतकरीही वगळला जाईल. आम्ही साधा मार्ग काढला: दरपत्रकाचा फोटो सकाळीच कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू लागलो, म्हणजे दरासाठी कोणाला संकेतस्थळ उघडावेच लागू नये.

पैसे देऊन ट्रॅफिक विकत घेण्याच्या वाटेला नवख्याने मुळीच जाऊ नये. आठवड्यात तज्ज्ञ बनवणाऱ्या शिकवण्यांवरही माझा विश्वास नाही. ज्याला आपला व्यवसाय कळत नाही, अशा मार्गदर्शकापेक्षा रोपे मोजून देणारा माणूस मला अधिक शिकवून गेला. मृग बाग आणि कांदे बाग या केळीच्या दोन हंगामी लागवडींच्या आधी चौकशी वाढते आणि मधल्या काळात ओसरते, हे त्याने सांगितले. तेव्हापासून मी जुलैची तुलना जूनशी न करता मागच्या जुलैशी करतो. त्यासाठी अ‍ॅनालिटिक्समधील ‘डेटा रिटेन्शन’ (माहिती साठवण्याची मुदत) २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर पहिल्याच दिवशी न्या, नाहीतर एक्स्प्लोरेशन या सखोल अहवालांत मागचे वर्ष दिसणारच नाही.

वाढीची खरी दिशा सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल शोधात आपले पान कधी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात, सापडली. रोपांच्या दराबद्दलच्या शोधांत आमचे पान पुष्कळदा दिसत होते, पण क्लिक फारच थोडे होते. पानाच्या शीर्षकात केवळ रोपवाटिकेचे नाव होते. तिथे वाण, दर आणि नोंदणीचा काळ लिहिल्यावर क्लिक हळूहळू वाढले. घाबरू नका, हे काम कोणालाही जमते, फक्त त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

फोन क्रमांकावरील टॅप मात्र आपोआप मोजला जात नव्हता. तो टॅग मॅनेजर या गूगलच्या साधनातून जोडून मी ‘की इव्हेंट’, म्हणजे महत्त्वाची कृती, म्हणून नोंदवला. पहिल्या आठवड्यात असे सात टॅप नोंदले गेले. शेठनी फोनची वही काढली, एकेक नोंद जुळवून पाहिली. सहा जुळल्या, आणि सातवा फोन कोणी उचललाच नव्हता, हे त्या दिवशी कळले.