पोरांना महागडे हेडफोन घ्यायचे का? आधी एवढं बघा

माझी लेक आठ वर्षांची. तिला हेडफोन घ्यायला गेलो तर दुकानदार सरळ दहा-बारा हजारांच्या पीसवर गेला, बेस ऐका, क्लॅरिटी ऐका. अहो पण ती ऐकणार काय तर कार्टून आणि ऑनलाइन क्लास! माझं स्पष्ट मत आहे, लहान मुलांच्या हेडफोनमध्ये पैसे साउंड क्वालिटीला नाही, कान जपायला द्यायचे, आणि त्याला एवढे पैसे लागतच नाहीत.

सगळ्यात आधी व्हॉल्युम लिमिट बघा. किड्स हेडफोनच्या बॉक्सवर बऱ्याचदा 85 डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो, पण 85 हा आकडा मुळात मोठ्या माणसांच्या 8 तासांच्या कामाच्या शिफ्टसाठी वापरतात. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी 75 डेसिबल सांगते, तेही आठवड्याला 40 तासच. आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा, म्हणजे 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला फक्त 5. म्हणजे 85 वाला हेडफोन फुल करून रोज दोन तास ऐकला तर तीन दिवसांतच आठवड्याचा कोटा संपून वर जातो. कानातल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत हो, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

म्हणून फोनमध्येच लिमिट लावा, फुकट आहे. आयफोनला सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स, मग हेडफोन सेफ्टी, तिथे रिड्यूस लाउड ऑडिओ चालू करून 75 ठेवा. सॅमसंगला मीडिया व्हॉल्युम लिमिट शोधा, त्याला पिनसुद्धा लावता येतो. साध्या हेडफोनला फोन डेसिबल अंदाजानेच मोजतो, त्यामुळे घरगुती टेस्ट पण करा: पोराच्या हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा, ऐकू नाही गेली तर आवाज कमी करायचा.

महागडा घ्यावा असं एकाच बाबतीत वाटतं, पोरगं रोज बस-ट्रेनमध्ये ऐकत असेल तर. बाहेरची घरघर वाढली की मुलं आवाज वाढवतात, तिथे नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज कापणारी सोय, खरंच उपयोगी पडते. रस्त्यावर चालताना किंवा सायकलवर मात्र अजिबात नको. घरात टीव्ही आणि गप्पांचा गोंगाट असेल तर त्याचा तेवढा फायदा नाही, कारण एकसुरी घरघर छान कापली जाते, माणसांचे आवाज तितके नाही.

बाकी, मुलाला दुकानात नेऊन पंधरा मिनिटं घालूनच बघा, डोक्यावर दाबत असेल तर ते घरी येऊन कोपऱ्यात पडणार. आणि वायरवाला घेत असाल तर वायर वेगळी निघणारी घ्या, जॅकपाशी ती तुटतेच, आमची दोनदा तुटली. फक्त नवी वायर टाकलीत की व्हॉल्युम परत चेक करा, काही हेडफोनमध्ये लिमिटर त्या वायरीतच असतो.