भोवरी प्रकाशस्पंदाचा पदार्थावरील परिणाम कसा तपासावा

ज्या लेसर स्पंदाचा (प्रकाशाच्या अतिशय छोट्या झोताचा) तरंगाग्र, म्हणजे लाटेचा पुढचा पृष्ठभाग, मळसूत्रासारखा पिळत पुढे जातो आणि ज्याच्या मध्यभागी तीव्रता शून्य असते, त्याला भोवरी स्पंद म्हणतात. त्यातील फोटॉन (प्रकाशकण) कक्षीय कोनीय संवेग, म्हणजे पिळामुळे येणारा फिरवण्याचा जोर, वाहतात, हे भौतिकशास्त्रज्ञ लेस अ‍ॅलन आणि नेदरलँड्समधील लायडन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले.

स्पंदाला पीळ देण्यासाठी काचेची सर्पिल चकती वापरावी. तिची जाडी अक्षाभोवती वाढत जाते आणि एका फेरीअखेर पायरी पडते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबी आणि १.४५ अपवर्तनांक असल्यास एका पिळासाठी ही पायरी सुमारे १.७८ मायक्रोमीटर उंच हवी. १०० फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) स्पंदाचा वर्णपट जेमतेम ९ नॅनोमीटर रुंद असल्याने ही चकती चालते. १० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात मात्र तो ९० नॅनोमीटरच्या वर जातो आणि कडेच्या तरंगलांब्यांचा पीळ नेमका एक फेरा राहत नाही. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून योग्य संरक्षक चष्म्याशिवाय काम सुरू करू नये.

पीळ खरोखर आला की नाही, हे नमुना ठेवायच्या जागीच पाहावे, कारण भिंगांच्या दोषांमुळे दोन-तीन पिळांचा एकच भोवरा फुटून एकेरी भोवरे वेगळे होतात. त्याच लेसरचा साधा स्पंद थोड्या कोनातून त्यावर पाडल्यास व्यतिकरणाचे पट्टे दिसतात आणि मधला पट्टा काट्याचमच्यासारखा दुभंगतो. जितके जादा दाते, तितके पीळ. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश ३० मायक्रोमीटरच जातो, त्यामुळे दोन्ही मार्गांची लांबी त्याहून बारकाईने जुळवावी लागते.

पदार्थ निवडताना त्याचा आकार आणि जागा यांचा विचार सर्वांत आधी करावा. जर्मनीतील माइन्त्स येथे २०१६ मध्ये भोवऱ्याच्या काळ्या केंद्रात कॅल्शियमचा एकच आयन ठेवून ७२९ नॅनोमीटरचे चतुर्ध्रुवी संक्रमण (इलेक्ट्रॉनची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर उडी) घडवले गेले; तेथे विद्युतक्षेत्र शून्य असले तरी त्याचा उतार, म्हणजे जागेनुसार बदलण्याचा दर, शून्य नसतो आणि हे संक्रमण उताराला प्रतिसाद देते. मोठ्या नमुन्यात बहुतेक अणू केंद्राभोवतीच्या उजळ कड्यात असतात आणि केंद्राचा हा परिणाम त्यांच्यात बुडून जातो.

तुलना साध्या स्पंदाशी करून थांबू नये, कारण तीव्रता नुसती कड्याच्या आकाराची असल्यानेही तापमान वेगळे वाढते. ध्रुवीकरण (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा) वर्तुळाकार ठेवून फक्त पिळाची दिशा उलटवावी आणि दोन्ही मोजमापांतील फरक घ्यावा. ध्रुवीकरण रेषीय आणि पदार्थ आरशात स्वतःसारखाच दिसणारा असेल, तर शोषणात फरक अपेक्षित नसतो; फरक दिसलाच, तर आधी झोताचे केंद्र सरकले आहे का, हे तपासावे.