व्हिडिओ कॉलवरची सिस्टर आणि घरातला पक्षाघाताचा रुग्ण : या चुका टाळा

कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने रुग्णाला ठाण्यातल्या दवाखान्यात नेऊन परत आणायचे म्हटले की अर्धा दिवस मोडतो. वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीतल्या सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तर अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवायलाच तीन-चार जण गोळा करावे लागतात. त्यामुळे डिस्चार्जनंतर फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून नर्सचे मार्गदर्शन घेण्याची सोय अशा घरांना मोठा आधार ठरते. ही सोय फसते तेव्हा दोष बहुधा नर्सच्या ज्ञानाचा नसतो. घराने तिला काय दाखवले, काय सांगितले आणि तिच्याकडून काय अपेक्षिले, यात गफलत झालेली असते. पडद्यापलीकडच्या सिस्टरला हात नसतात आणि डोळेही तुम्ही धराल तेवढेच असतात, हे लक्षात ठेवले तर पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

तातडीच्या वेळी आधी सिस्टरला फोन लावणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण ज्याला एकदा पक्षाघात झाला आहे त्याला तो पुन्हा होण्याचा धोका कायम असतो. चेहरा अचानक वाकडा होणे, हातापायातले बळ नव्याने जाणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, तोल जाणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर पहिला फोन १०८ ला किंवा ठरवून ठेवलेल्या रुग्णवाहिकेला करावा. सिस्टरला नंतर कळवले तरी चालते. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते तास घरच्यांच्या लक्षात आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला वाकड्या तोंडाने उठला, तर डॉक्टरांना सांगायची वेळ रात्री दहा ही आहे. काही निवडक रुग्णांमध्ये नळीवाटे गुठळी काढण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंत शक्य असतो, म्हणून वेळ निघून गेली असे घरीच ठरवून थांबू नये.

या गडबडीत दोन गोष्टी सर्रास केल्या जातात आणि दोन्ही घातक आहेत. एक म्हणजे घरात असलेली ॲस्पिरिन देणे आणि दुसरी म्हणजे बीपी वाढलेले दिसताच जिभेखाली गोळी ठेवणे. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि बीपी एकदम खाली आणल्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी तुटू शकतो. तोंडात पाणीसुद्धा घालू नये. मधुमेही रुग्णाची साखर मात्र गाडी येईपर्यंत तपासून घ्यावी, कारण साखर फार उतरली तरी लक्षणे पक्षाघातासारखीच दिसतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचे महापालिका रुग्णालय असो किंवा घराजवळचे खासगी, तेथे रात्री सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचा उपचार सुरू असतो का, याची चौकशी निवांत वेळी करून ते नाव फ्रिजवर चिकटवून ठेवावे.

फोन कसाही धरून कॉल उरकणे

खिडकीकडे पाठ करून बसवलेल्या रुग्णाचा चेहरा कॅमेऱ्यात काळा दिसतो, आणि वाकडेपणा, श्वासाची गती, ओठांचा रंग यांपैकी काहीच कळत नाही. उजेड रुग्णाच्या समोरून यावा आणि फोन हातात न धरता स्टँडवर किंवा उशीला टेकवून ठेवावा. कारण सिस्टर कूस बदलायला सांगते तेव्हा दोन्ही हात मोकळे लागतात आणि फोन धरणारे तिसरे माणूस घरात असतेच असे नाही. काही रुग्णांना एका बाजूचे दिसत नाही किंवा त्या बाजूचे भानच राहत नाही. अशा रुग्णाशी बोलायचे असेल तर फोन त्याच्या चांगल्या बाजूला ठेवावा, नाहीतर तो लक्ष देत नाही असा उगाच ग्रह होतो. जाड भिंतींच्या आतल्या खोलीत चित्र अडकत असेल तर साधा फोन लावून बोलावे आणि फोटो वेगळे पाठवावेत. हे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याची मात्र गरज नाही. उघड्या अंगाचे फोटो आपल्याला न विचारता फिरावेत असे आजारी माणसालाही वाटत नसते.

“सगळे ठीक आहे” असे सांगणे

कॉलची वेळ पंधरा मिनिटांची असेल आणि त्यातली दहा मिनिटे आठवण्यात गेली तर सल्ला वरवरचाच मिळणार. एक साधी वही ठेवून त्यात बीपी, नाडी, ताप, साखर, दिवसभरात पोटात गेलेले पाणी व अन्न, लघवी, शौच आणि झोप एवढे वेळेसह लिहिले की काम भागते. “बीपी एकशे चाळीस आहे” हे अर्धेच वाक्य झाले. वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे आणि मोजल्याची वेळ हवी. मोजताना रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीला असावा, हात शक्यतो लकवा नसलेला निवडावा, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचे यंत्र अधिक विश्वासार्ह असते.

गिळण्याच्या अडचणीकडे दुर्लक्ष

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण घरी आल्यानंतर होणारा न्यूमोनिया पुष्कळदा ताटातूनच येतो. पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायू मंदावतात आणि अन्न किंवा थुंकी श्वासनलिकेत उतरते. घट्ट अन्नापेक्षा पातळ पदार्थ अधिक धोक्याचे असतात, ही गोष्ट घरच्यांना उलटी वाटते आणि म्हणून चहा, ताक, नारळपाणी “हलके” म्हणून आधी दिले जाते. पातळ वरण कालवलेला भातही अवघड असतो, कारण पाणी आणि शिते वेगवेगळ्या वेगाने घशात उतरतात. चिवडा, कोरडे पोहे, लाह्या आणि टरफलाची उसळ तर बाजूलाच ठेवावी. कोणता पदार्थ किती घट्ट असावा, पाण्यात घट्टपणा आणणारी पावडर घालावी का, हे स्पीच थेरपिस्टने किंवा डॉक्टरने तपासून ठरवायचे असते. शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांना जे चालले ते येथे चालेलच असे नाही.

ठसका लागला नाही म्हणजे गिळणे नीट झाले, हा समज तर सोडूनच द्यावा. काही रुग्णांत अन्न श्वासनलिकेत जाते आणि खोकला येतच नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणे, श्वास वाढणे, रोज संध्याकाळी बारीक ताप येणे किंवा एरवीपेक्षा अधिक गुंगी दिसणे, एवढ्याच खुणा मिळतात, आणि त्या त्याच दिवशी कळवायच्या असतात. भरवताना रुग्ण पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असावा, घास लहान चमच्याने चांगल्या बाजूने द्यावा, लुळ्या गालात अन्न साठले नाही ना हे बोटाने न कोचता बॅटरीच्या उजेडात पाहावे, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. तोंड दोन वेळा स्वच्छ करणे हा न्यूमोनिया टाळण्याचाच भाग आहे. माझे मत असे की आठवड्यातला एक कॉल जेवणाच्याच वेळी ठेवावा. आपण कसे भरवतो याचे वर्णन करण्यापेक्षा प्रत्यक्ष भरवताना सिस्टरने पाहिले, तर अर्ध्या चुका तिला पहिल्या पाच घासांत दिसतात.

नाकातून नळी असेल तर नाकपुडीपाशी ती कोणत्या खुणेवर आहे हे रोज पाहावे. खूण सरकली असेल, नळी अर्धवट बाहेर आली असेल किंवा रुग्ण अचानक खोकू लागला असेल, तर त्या नळीतून काहीही देऊ नये. ती घरी आत ढकलण्याचा प्रयत्न तर व्हिडिओवर कोणी सांगितले तरीही करू नये. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत नळीची जागा खात्रीने सांगत नाही. खुराक देताना आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच असावी, आणि आधी व नंतर पाणी सोडून नळी धुवावी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून घालणे ही नेहमीची चूक आहे. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या किंवा आवरण असलेल्या काही गोळ्या कुटायच्याच नसतात. त्यांना पर्याय असतो, पण तो विचारावा लागतो.

पाठ, खांदा आणि शेक

एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असे नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि रात्रीचे वेळापत्रक गादी आणि त्वचा पाहून सिस्टरसोबत ठरवावे. माकडहाड, टाचा आणि नितंब रोज पाहावेत. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावरही तो फिका पडत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे जांभळटपणा, ऊब किंवा कडकपणा शोधावा. अशा जागी तेल चोळू नये आणि भोक असलेली गोल उशीही ठेवू नये, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दाबला जातो. जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढला तर मागच्या आठवड्याशी तुलना करता येते.

उठवताना लुळा हात ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे ही सवय खांदा कायमचा दुखावते. बधिर बाजूला गरम पाण्याची पिशवी देऊ नये, कारण भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीवर टेकू नये.

डोस बदलायचा आग्रह आणि जुन्या चिठ्ठीवर गोळ्या

केंद्र सरकारची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये आली, आणि त्यांनुसार औषध लिहून देणे हे नोंदणीकृत डॉक्टरांचे काम आहे. नर्स सल्लामसलतीत मदत करू शकते. त्यामुळे “डोस मी वाढवू शकत नाही, डॉक्टरांशी बोला” असे सिस्टर म्हणाली तर ती टाळाटाळ करत नाही, ती आपली मर्यादा पाळते. फोनवरच औषधे बदलून देणाऱ्या सेवेपासून उलट सावध राहावे. नेहमीचे डॉक्टर मिळत नसतील तर ई-संजीवनी या सरकारी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य घेता येतो.

बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी थांबवणे, किंवा दात काढायचा म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध स्वतःच बंद करणे, या चुका बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. उलट बाजूची चूक कमी बोलली जाते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या अनेकदा सुरुवातीचे काही आठवडेच एकत्र द्यायच्या असतात, पण केमिस्टकडे तीच जुनी चिठ्ठी दाखवून घरचे त्या महिनोन्महिने आणत राहतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. डिस्चार्ज कार्ड पहिल्याच कॉलमध्ये पूर्ण वाचून दाखवावे आणि प्रत्येक औषध कोणत्या तारखेपर्यंत आहे ते विचारून घ्यावे.

ब्युरोच्या मावशींना कॉलबाहेर ठेवणे

बारा तासांच्या ड्युटीवर ब्युरोतून, म्हणजे रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, आलेल्या मावशी रुग्णाला सर्वांत जास्त हाताळतात, आणि कॉलवर मात्र मुलगा ऑफिसमधून बोलत असतो. मग सांगितलेले अर्धे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. कॉल त्यांच्या ड्युटीत ठेवावा, त्यांना स्वतः प्रश्न विचारू द्यावेत, आणि दिवसाच्या व रात्रीच्या मावशींनी वही एकमेकींसमोर वाचावी. त्यांचे प्रशिक्षण किती झाले आहे हेही सिस्टरला स्पष्ट सांगावे. नळी बदलणे किंवा इंजेक्शन देणे हे काम त्यांच्यावर ढकलू नये.

रुग्णाच्या वतीने बोलणे, आणि स्वतःबद्दल गप्प राहणे

वाचा गेलेल्या माणसाला समजतही नाही असे गृहीत धरून त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणे हे चुकीचे तर आहेच, शिवाय त्यामुळे माहितीही बुडते. “डोके दुखते का?” असा हो-नाहीत उत्तर देता येणारा प्रश्न विचारून, मान किंवा बोट हलण्याची वाट पाहावी, आणि त्या वेळात कोणीही मध्ये उत्तर देऊ नये. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य येते. तो व्यायाम टाळतो, जेवत नाही, आणि घरात “हट्टीपणा” म्हणून त्याची बोळवण होते. हे सिस्टरला सांगावे, कारण त्यावर उपचार आहेत. विनाकारण रडू किंवा हसू फुटणे हाही मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो.

सांभाळणाऱ्या व्यक्तीने कॉलची शेवटची काही मिनिटे खोलीबाहेर जाऊन स्वतःसाठी घ्यावीत. पलंगावरून खुर्चीत बसवताना पाठीत कळ येते का, रात्री सलग झोप किती मिळते, स्वतःच्या बीपीची गोळी चुकते का, हे सुनेने किंवा पत्नीने, कोणी विचारल्याशिवाय, सांगायचे नाही असा आपल्याकडे दंडकच आहे. पलंगाची उंची वाढवणे, उचलण्याची पद्धत बदलणे, आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कोणावर सोपवणे, हे उपाय सिस्टर सुचवू शकते. मन फारच खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, मोफत बोलता येते. हा क्रमांक रुग्णाइतकाच त्याला सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.