काल्पनिक राज्यातली राणी आणि गादीचा वारसा : लिहिताना या चुका टाळा

राजा मरतो. मुलगा नाही, म्हणून मुलगी गादीवर बसते. तिसऱ्या प्रकरणात काका बंड करतो आणि शेवटी ती तलवार उपसून त्याला हरवते. फँटसी लिहिणाऱ्या नव्या लेखकांच्या मसुद्यांत हा आराखडा पुन्हा पुन्हा भेटतो, आणि बहुतेक वेळा मध्यावर येऊन अडकतो. काका कुठल्या हक्काने उभा राहिला, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. तो दुष्ट आहे, एवढंच आपल्याला कळतं. पण गादीवर दावा सांगणारा माणूस स्वतःला खरा वारस समजत असतो आणि अर्ध्या दरबारालाही ते पटलेलं असतं. हे पटणं ज्या नियमातून येतं, तो नियम आधी लिहून काढा. राणीचं पात्र त्यानंतर.

नियम न ठरवता वारस ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. एक कुटुंब घ्या. राजाची थोरली मुलगी वारली आहे, पण तिची आठ वर्षांची लेक आहे. मधला मुलगा शिकारीत रमणारा. धाकटी मुलगी तिशीतली, दहा वर्षं कारभार पाहिलेली. शिवाय राजाचा धाकटा भाऊ आहे आणि बहिणीचा मुलगा आहे. राजा आज रात्री मेला, तर उद्या सकाळी गादी कोणाची?

थोरल्या अपत्याचा हक्क मोठा, मग ते मुलगी असो वा मुलगा, आणि ते हयात नसेल तर हक्क त्याच्या संततीकडे, असा नियम असेल तर आठ वर्षांची नात राणी होते. मुलग्याला आधी मान असेल तर मधला मुलगा. मुली आणि मुलींची संतती पूर्ण बाद असेल तरी मधला मुलगाच, पण तो निपुत्रिक मेला तर गादी बहिणीकडे न जाता काकाकडे जाते. कुळातला वयाने मोठा पुरुष गादीवर बसवायची रीत असेल तर काका लगेचच राजा. वंश आईकडून मोजणारं, बहिणीच्या मुलाला वारस मानणारं मातृवंशीय राज्य असेल तर भाचा. आणि सरदारांनी निवडायचं असेल, तर धाकट्या मुलीला पहिल्यांदाच काही आशा आहे.

माणसं तीच. नियम बदलला की नायिका, खलनायक आणि बळी बदलतात. हे सगळं कागदावर मांडायला एक संध्याकाळ पुरते आणि त्यातून निम्मं कथानक हाती येतं.

यातले नियम पुस्तकी नाहीत. त्रावणकोरमध्ये मरुमक्कतायम पद्धतीने राजाची गादी त्याच्या मुलाला न मिळता बहिणीच्या मुलाला मिळत असे. त्यामुळे तिथल्या राजघराण्यात राजाच्या पत्नीपेक्षा त्याच्या बहिणीला महत्त्व होतं. लेखकाने अशी एकच गोष्ट बदलली, तरी दरबारातल्या प्रत्येक स्त्रीचं स्थान बदलतं. स्वीडनमध्ये १९७९ मध्ये जन्मलेला राजपुत्र कार्ल फिलिप काही महिने युवराज होता. १ जानेवारी १९८० पासून थोरल्या अपत्याचा नियम लागू झाला आणि युवराजपद त्याची मोठी बहीण व्हिक्टोरिया हिच्याकडे गेलं. पाळण्यातल्या बाळाला काय कळणार? पण तुमच्या राज्यात हाच बदल राजपुत्र विशीत असताना झाला, तर केवढी कथा उभी राहील याचा विचार करा.

एकाच माणसाकडे दोन राज्यं असतील तर नियमही दोन असू शकतात. ब्रिटन आणि हॅनोव्हर यांचा राजा १७१४ पासून एकच होता. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया ब्रिटनच्या गादीवर आली, पण हॅनोव्हरच्या कायद्यात घराण्यात पुरुष वारस असताना स्त्रीला जागा नव्हती. ते राज्य तिचा काका अर्नेस्ट ऑगस्टस याच्याकडे गेलं. इथे कोणीही बंड केलं नाही, कोणी दुष्ट नव्हतं, तरी एका रात्रीत राज्यं वेगळी झाली.

मुलाच्या नावाने राज्य करणारी आणि स्वतःच्या नावाने राज्य करणारी, यांत फरक न करणं

दोघींच्या हाती सत्ता असते, पण दोघींची भीती वेगळी. पहिलीला मुलगा वयात येण्याची तारीख दिसत असते. ती तारीख तुमच्या कादंबरीत आहे का? मुलगा सोळाव्या वर्षी सज्ञान होतो की अठराव्या? फर्मानावर नाव कोणाचं, शिक्का कोणाचा, नाणं कोणाच्या नावाचं? मसुद्यात हे नसतं, आणि मग आई-मुलाचा संघर्ष नुसत्या टोमण्यांवर चालतो.

ताराबाईंचं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यात शिकवणारं वाटतं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी चाललेली लढाई स्वतः चालवली. कर्तृत्वाबद्दल शंकाच नाही. पण १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि प्रश्नच बदलला. शाहू थोरल्या शाखेचे, संभाजी महाराजांचे पुत्र. आता कोण चांगलं लढलं यापेक्षा कोणाची शाखा थोरली याला वजन आलं. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंकडे वळले, आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभी केली खरी, पण १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला तिथे बसवलं आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत गेले.

लढाई जिंकणारी राणी वारसाहक्काच्या प्रश्नावर हरू शकते, आणि तिला हरवणारी दुसरी एक आईच असू शकते, हे यात आहे. फँटसीतल्या राणीचं सगळं सामर्थ्य रणांगणावर दाखवणाऱ्या लेखकांनी हे प्रकरण बारकाईने वाचावं.

काश्मीरची दिद्दा याच्या पुढे गेली. आधी मुलाच्या, मग नातवांच्या नावाने तिने कारभार केला आणि अखेर सुमारे ९८० ते १००३ स्वतः राज्य केलं. आपल्यामागे गादी तिने भावाच्या मुलाला दिली. म्हणजे राज्य सासरच्या घराण्यातून माहेरच्या, लोहर घराण्यात गेलं. राणीच्या हातून घराणंच बदलणं ही केवढी मोठी राजकीय घटना आहे! मसुद्यांमध्ये मात्र तिचा कोणी विचारही करत नाही.

शपथ घेतली की प्रश्न मिटला, असं धरणं

मरणशय्येवरचा राजा मुलीचा हात धरून सरदारांकडून वचन घेतो. प्रसंग सुंदर असतो, पण त्यावर पुढची तीनशे पानं उभी राहत नाहीत. इंग्लंडचा पहिला हेन्री याने ११२७ मध्ये सरदारांकडून मुलगी मटिल्डासाठी शपथ घेतली होती. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. १ डिसेंबर ११३५ ला राजा मेला आणि तो महिना संपायच्या आत स्टीफनने लंडनला पोहोचून मुकुट डोक्यावर घेतला. मटिल्डा समुद्रापलीकडे होती. पुढची अनेक वर्षं युद्धात गेली, तिला राज्याभिषेक कधीच झाला नाही. गादी मिळाली ती तिच्या मुलाला, ११५४ मध्ये.

दिल्लीत इल्तुतमिशने रझियाला वारस नेमलं होतं, तरी १२३६ मध्ये अमिरांनी आधी तिचा भाऊ रुक्नुद्दीन फिरोज याला बसवलं. काही महिन्यांनी रझिया गादीवर आली, आणि १२४० मध्ये तिचं राज्य संपलं. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसासाठी तर तिच्या वडिलांनी मुलीलाही वारसा देणाऱ्या १७१३ च्या फर्मानाला युरोपभरच्या दरबारांची मान्यता मिळवण्यात वर्षानुवर्षं घालवली होती. १७४० च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले आणि डिसेंबरमध्ये प्रशियाचं सैन्य तिच्या सायलेशिया प्रांतात शिरलं.

म्हणून राजा मरतो त्या रात्रीचा नकाशा काढा. वारस राजधानीपासून किती दिवसांच्या वाटेवर आहे? खजिन्याच्या किल्ल्या कोणाकडे? राजवाड्याच्या पहाऱ्यावरचे शिपाई कोणाचा पगार खातात? बातमी पहिल्यांदा कोणाला कळते, आणि तो ती किती तास दाबून ठेवू शकतो? माझ्या मते वारसाहक्काच्या कथेतला सगळ्यात चांगला ताण या थोड्या तासांत असतो.

राणीचं लग्न फक्त प्रेमकथा म्हणून लिहिणं

राजाची बायको राणी होते. राणीचा नवरा कोण होतो? तो सैन्याला हुकूम देऊ शकतो का? ती आधी गेली तर तो गादीवर राहतो का? मुलं कोणत्या कुळाची? १५५४ मध्ये इंग्लंडची मेरी आणि स्पेनचा फिलिप यांचं लग्न ठरलं, तेव्हा करारातच लिहून घेतलं होतं की तो राजा म्हणवला तरी मेरी निपुत्रिक गेल्यास इंग्लंडवर त्याचा काहीही हक्क राहणार नाही. त्या कराराच्या वाटाघाटींचा एक प्रसंग लिहिला, तर चार प्रकरणांचं राजकारण त्यात बसेल.

वाकाटकांची प्रभावतीगुप्ता आठवा. मुलगा युवराज दिवाकरसेन याच्या काळात ती कारभार पाहत होती. तिच्या पुण्याच्या ताम्रपटात सुरुवातीला गुप्तांची, म्हणजे तिच्या माहेरची वंशावळ येते आणि गोत्रही ती माहेरचंच सांगते. दानपत्रावर सासरऐवजी बापाचं घराणं आधी कोरलं जातं, तेव्हा शेजारच्या बलाढ्य राज्याचं वजन आपोआप दिसतं. असा एखादा दस्तऐवज तुमच्या राणीकडून लिहून घ्या. तो पानभर स्वगतापेक्षा जास्त बोलेल.

दत्तक आणि वरचा सत्ताधीश विसरणं

तुमचं राज्य कोणाचं मांडलिक असेल, तर वारस कायदेशीर आहे की नाही हे दुसराच कोणी ठरवतो. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला दत्तक घेतलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि कंपनीने ते दत्तक नाकारून झाशी खालसा केली. घरात, धर्मशास्त्रात, प्रजेच्या मनात सगळं रीतसर होतं.

जादूने प्रश्न सोडवणं

जादूची तलवार खरा वारस ओळखत असेल तर दरबार, सरदार, कायदा सगळेच निरुपयोगी ठरतात. जादू असू द्या, पण तिचा अर्थ लावणारी माणसं असू द्या, आणि त्यांच्यात एकमत नसू द्या. जादू रक्तातून उतरत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. आई कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, बाप कोण याबद्दल शंका घेता येते. अशा जगात वंश आईकडून मोजणं जास्त स्वाभाविक आहे. तरीही तुमच्या राज्यात तो बापाकडून मोजला जात असेल, तर त्यामागे कोणाचा तरी स्वार्थ असणार. तो शोधा. राणी तीनशे वर्षं जगत असेल, तर गादीची वाट पाहत म्हाताऱ्या झालेल्या तिच्या मुली कुठे आहेत, हेही सांगावं लागेल.

मसुदा अडकला असेल तर

काका पोकळ वाटत असेल, तर एका मुद्द्यावर त्याचा दावा नायिकेपेक्षा खरोखर मजबूत करा. तो मुद्दा तिलाही मनातून मान्य असेल तर आणखी चांगलं.

प्रजा पहिल्याच दिवशी जयजयकार करत असेल, तर राणी आल्याने कोणाचं काय जातं याची यादी नाही. प्रत्येक सरदाराच्या नावापुढे एक जहागीर, एक ठरलेलं लग्न किंवा एक थकलेलं कर्ज लिहा.

राज्याच्या इतिहासातली ही पहिलीच राणी, असं तुम्ही सवयीने लिहिलंय का? दोन राण्या आधी होऊन गेल्या असतील, तर विरोधकांना बाईने राज्य करावं का, असं विचारताच येत नाही. त्यांना मागच्या राणीच्या चुका उकरून काढाव्या लागतात, आणि त्या भांडणात जास्त बारकावे आहेत. भोपाळमध्ये १८१९ पासून पुढच्या शतकभरात चार बेगमांच्या हाती कारभार आला. अशा राज्यातल्या चौथीला कोणत्या तोंडाने अडवायचं, हा विरोधकांपुढचा प्रश्न लिहून बघा.

आणि शेवटचं प्रकरण राज्याभिषेकावर संपत असेल, तर त्या दिवशी राणीचा वारस कोण, एवढं एका वाक्यात लिहून दाखवा. जमत नसेल तर पहिल्या प्रकरणातल्या नियमाकडे परत जा.