प्रोटीन इंटरॅक्शन डेटा मर्ज करताना डबल मोजणी: मी कसं सोडवलं

वेगवेगळ्या डेटाबेसमधून माणसाच्या प्रोटीन इंटरॅक्शन (कुठलं प्रोटीन कुठल्या प्रोटीनशी जोडलं जातं त्याच्या नोंदी) घेऊन एक नेटवर्क करायचं होतं, पण एकीकडे टीपी५३, दुसरीकडे पी५३, तिसरीकडे नुसता युनिप्रॉट या प्रोटीन डेटाबेसचा नंबर पी०४६३७, प्रोटीन एकच आणि नेटवर्कमध्ये ठिपके तीन. मग नावं जुळवणं सोडलं आणि सगळीकडून मायटॅब फाईलच घेतली. हे हुपो या प्रोटीन संशोधकांच्या संस्थेच्या प्रोटिऑमिक्स स्टँडर्ड्स इनिशिएटिव्हचं फॉरमॅट, एका ओळीत एक जोडी, व्हर्जन २.५ मध्ये १५ कॉलम, २.७ मध्ये ४२.

पहिल्या दोन कॉलममध्ये आयडी, आणि तो कुठल्या डेटाबेसचा तेही आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे एंट्रेझ या जीन डेटाबेसवाले आयडी युनिप्रॉटवर मॅप करता आले. सातव्यात इंटरॅक्शन शोधण्याच्या प्रयोगपद्धतीचा कोड, टू-हायब्रिड या पद्धतीचं नाव कोणी कसंही लिहो, एमआय:००१८ दिसलं की विषय संपला. पेपर वाचून हे कोड भरणाऱ्या क्युरेटर लोकांचे खरंच उपकार आहेत.

स्क्रिप्टमध्ये दोन्ही आयडी सॉर्ट केले म्हणजे अ-ब आणि ब-अ एकच धरलं जातं, त्याला नवव्या कॉलमचा पबमेड नंबर (पेपरचा ओळख क्रमांक) आणि पद्धतीचा कोड जोडून प्रत्येक ओळीची ओळख-की बनवली, डुप्लिकेट तिथेच गळाले.

२.७ असेल तर सोळावा कॉलम बघाच. तिथे स्पोक एक्सपान्शन लिहिलं असेल तर प्रयोगात बेटबरोबर (म्हणजे आमिष म्हणून वापरलेल्या प्रोटीनबरोबर) अख्खा गट बाहेर आलेला असतो, जोड्या नंतर बेटला एकेकाशी जोडून पाडलेल्या, थेट संपर्काचा पुरावा नाही. त्या मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या. पी०४६३७-२ सारखे आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनची वेगळी रूपं) मूळ आयडीवर आणले, पण तुमचं काम अशा वेगळ्या रूपांवरच (स्प्लाइस व्हेरियंटवर) असेल तर तसं अजिबात करू नका.