कसोटीचा संघ कसा निवडावा आणि कधी तुटून पडावं

कसोटीचा संघ निवडायला बसलात की कागदावर पहिलं नाव सलामीवीराचं लिहू नका. आधी बॉलर लिहा. सामना जिंकायला वीस विकेट लागतात. त्या कोण काढणार याचं उत्तर नसेल, तर सहाशे धावा करूनही तुम्ही फार तर सामना अनिर्णित ठेवाल.

मी मुंबईच्या मैदानांवर स्कोअरिंग करते. दोन-तीन दिवसांचा सामना असला की टीच्या, म्हणजे चहापानाच्या सुमारास कोणी ना कोणी कर्णधार टेबलापाशी येतोच, "ताई, किती ओव्हर राहिल्या?" प्रश्न बरोबर असतो, फक्त उशिरा आलेला असतो. आक्रमण म्हणजे ओव्हर वाचवणं, आणि कुठल्या ओव्हर वाचवायच्या, कोणाकडून, हे निम्मं संघाच्या यादीतच ठरतं. उदाहरणं मुद्दाम मोठ्या कसोट्यांची घेतली आहेत. त्यांचे आकडे कोणालाही उघडून बघता येतात.

आधी बॉलरांचा आकडा. खेळपट्टी पाटा, म्हणजे बॉलरला काहीच मदत न करणारी असेल तर पाच, यात वाद नको. गवत असेल किंवा पहिल्या दिवसापासून धूळ उडत असेल तर चार पुरतात, पण पाचवा कधी वाया जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेला आणि विराट कोहली मायदेशी परतला. अशा वेळी बहुतेक निवडसमित्या घाबरून एक फलंदाज वाढवतात. मेलबर्नच्या कसोटीत मात्र कोहलीच्या जागी रवींद्र जडेजा आला आणि कर्णधार अजिंक्य रहाणेच्या हाताशी पाच बॉलर आले. दुसऱ्या डावात उमेश यादव आपल्या चौथ्याच ओव्हरमध्ये दुखापत होऊन बाहेर गेला. चारच बॉलर असते तर बाकीचा सगळा डाव तिघांच्या खांद्यावर आला असता. ऑस्ट्रेलिया २०० वर आटोपली, आपल्याला जिंकायला ७० धावा हव्या होत्या. वर जडेजाने ५७ धावा केल्या आणि रहाणेबरोबर १२१ ची भागीदारी केली, म्हणजे फलंदाज कमी केल्याचा तोटाही झाला नाही.

मग सात आणि आठ नंबर. माझ्या मते आक्रमक संघ ओळखायचा तर पहिल्या तिघांकडे बघू नये, या दोघांकडे बघावं. आठव्या नंबरवर बॅट धरता येणारा माणूस असेल तर पाचव्या नंबरवाला मोकळेपणाने फटका मारतो. त्याला माहीत असतं, आपण गेलो तरी डाव संपत नाही. जानेवारी २०२१ च्या ब्रिस्बेन कसोटीत बुमरा, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी होते. तिथे वॉशिंग्टन सुंदर कसोटीत पदार्पण करत होता आणि शार्दूल ठाकूर आठव्या नंबरवर होता. १८६ ला ६ अशी अवस्था असताना या दोघांनी १२३ धावा जोडल्या. शार्दूलने पहिल्या धावाच ऑस्ट्रेलियाचा वेगवान बॉलर कमिन्सला षटकार मारून काढल्या. किटबॅग घेऊन पालघरहून लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला कमिन्सची काय धास्ती असणार, असं आम्ही मैदानावर म्हणतो.

विकेटकीपरचं मात्र सरसकट उत्तर नाही. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळणार असेल तर मी हातांनी चांगला असलेला कीपर घेईन, त्याने वीस धावा कमी केल्या तरी चालेल. सुटलेलं एक स्टंपिंग स्कोअरबुकात दिसत नाही. त्या फलंदाजाच्या पुढच्या सत्तर धावा मात्र दिसतात.

यादीत अजून एक जागा राखायची, ती दार लावून घेणाऱ्याची, म्हणजे टिकून राहून सामना वाचवणाऱ्याची. हे लोकांना पटत नाही. आक्रमक खेळायचं ठरल्यावर संथ माणूस कशाला? सिडनीचा शेवटचा दिवस बघा, जानेवारी २०२१. लक्ष्य ४०७. रहाणे सकाळीच बाद झाला तेव्हा तीन गडी गेले होते, आणि हनुमा विहारीच्या आधी ऋषभ पंतला पाचव्या नंबरवर पाठवलं. दुसऱ्या टोकाला पुजारा होता. पुजारा उजवा, पंत डावा. एकेरी धाव निघाली की स्पिनर लायनला टप्पा बदलायचा, क्षेत्ररक्षकांनी जागा बदलायच्या. पंतने ११८ चेंडूंत ९७ केल्या, दोघांची भागीदारी १४८ ची झाली आणि काही काळ सामना खरोखर जिंकता येईल असं वाटलं. पंत गेला, मग पुजारा गेला, विहारीचा मांडीचा स्नायू दुखावला. त्यानंतर विहारी १६१ चेंडूंत २३ आणि अश्विन १२८ चेंडूंत ३९, दोघेही नाबाद, आणि सामना वाचला. हे दोघे संघात नसते तर पंतच्या खेळीला लोकांनी बेजबाबदार म्हटलं असतं. परतीचा रस्ता राखून ठेवला होता म्हणून ती खेळी शहाणपणाची ठरली.

आता बॅटिंग. 'आक्रमण करा' हा निरोप ड्रेसिंग रूममधून कधी पाठवू नका. त्याला काही अर्थ नसतो. कोणावर, किती वेळ आणि कशासाठी, हे तीन शब्द त्यात हवेत.

कोणावर, हे स्कोअरबुक सांगतं. मी प्रत्येक बॉलरला वेगळ्या रंगाचं पेन वापरते, त्यामुळे कुठल्या रंगात टिंबं, म्हणजे धाव न निघालेले चेंडू, जास्त आहेत ते लांबूनही दिसतं. ज्याच्यापुढे टिंबं साठली आहेत तोच सामना धरून ठेवतोय. पण आक्रमण त्याच्यावर करायचं नाही. त्याच्या जोडीदारावर करायचं. जोडीदाराच्या दोन ओव्हरमध्ये वीस धावा गेल्या की कर्णधार मुख्य बॉलरला लवकर परत आणतो, त्याचे स्पेल लांबतात आणि तिसऱ्या सत्रात त्याचा वेग उतरतो. चौथा बॉलर कच्चा असेल तर त्याला दुपारी गाठा. चेंडू जुना झालेला असतो आणि नवा चेंडू ८० ओव्हरनंतरच मिळणार असतो.

किती वेळ? क्षेत्ररक्षण बदलेपर्यंत. स्पिनरला मिड-ऑफवरून एकदा उचललं की मिड-ऑफ सीमारेषेवर जातो. तिथे थांबा. आता त्याच जागी जमिनीलगत ढकलून एक धाव घ्या, पुढच्या चेंडूवर समोरच्याने घ्यावी. षटकाराची खरी कमाई पुढच्या तीन ओव्हरमधल्या एकेरी धावांत असते. पोरं नेमकी इथे चुकतात. क्षेत्ररक्षक मागे गेल्यावर त्याच्याच डोक्यावरून पुन्हा मारायला जातात.

वेगवान बॉलरांच्या बाबतीत हिशेब उलटा. त्यांनी बॅटच्या मागे तीन स्लिप, गली लावली असेल तर पुढचं मैदान मोकळं असतं, तेव्हा फुल टप्प्याच्या चेंडूला पूर्ण बॅटने मारण्यात धोका कमी असतो. १९८२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर संदीप पाटील यांनी बॉब विलिसच्या एका ओव्हरमध्ये सहा चौकार मारले. त्यात एक नो-बॉल होता. पाटील १२९ वर नाबाद राहिले. शिवाजी पार्कातल्या जुन्या मंडळींना ती ओव्हर अजून पाठ आहे.

जोडीत एका वेळी एकानेच तुटून पडावं हा माझा आवडता नियम. ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी पुजाराने २११ चेंडूंत ५६ केल्या, अंगावर चेंडू घेतले. दुसऱ्या टोकाला गिल ९१ करून गेला. मग रहाणे आला, २२ चेंडूंत २४ करून गेला. धावा थोड्या, पण आपण जिंकायला खेळतोय हे त्या २२ चेंडूंनी समोरच्यांना कळवलं. टीला १८३ ला ३, अजून १४५ हव्या. नवा चेंडू येताच पुजारा गेला तेव्हा बरोबर शंभर बाकी होत्या, आणि पंत जमलेला होता. पंतने नाबाद ८९ केल्या, भारत तीन गडी राखून जिंकला. पुजाराच्या रकान्यातली ती टिंबांची रांग काढून टाका आणि बघा, पंतला किती लवकर मैदानात यावं लागलं असतं.

चेन्नईला डिसेंबर २००८ मध्ये क्रम उलटा होता. इंग्लंडविरुद्ध लक्ष्य ३८७. चौथ्या दिवशी संध्याकाळी सेहवागने ६८ चेंडूंत ८३ केल्या. दुसऱ्या दिवशी सचिनला घाई करावीच लागली नाही, तो १०३ वर नाबाद राहिला.

कशासाठी, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर कानपूरला मिळालं, २०२४ मध्ये बांगलादेशविरुद्ध. पहिल्या दिवशी ३५ ओव्हर झाल्या, पुढचे दोन दिवस एकही चेंडू पडला नाही. चौथ्या सकाळी हिशेब असा होता: दोन दिवस म्हणजे साधारण १८० ओव्हर. बांगलादेशचा उरलेला डाव संपवायला आणखी चाळीस गेल्या, ते २३३ वर बाद झाले. राहिल्या १४० च्या आसपास. आपण रीतसर ९० ओव्हर खेळलो असतो तर त्यांना पुन्हा बाद करून पाठलाग करायला पन्नासच उरल्या असत्या. म्हणून भारताने ३४.४ ओव्हरमध्ये ९ बाद २८५ करून डाव घोषित केला. पहिल्या पन्नास धावा तीन ओव्हरमध्ये झाल्या. रोहितने खेळलेले पहिले दोन्ही चेंडू षटकार गेले. आघाडी फक्त ५२ ची, पण त्याच संध्याकाळी बांगलादेशचे दोन गडी गेले. दुसऱ्या दिवशी ते १४६ वर संपले आणि ९५ धावा हसतखेळत झाल्या. जोडीत एकानेच, हा माझा नियम तिथे कोणी पाळला नाही, आणि तेच योग्य होतं. त्या दिवशी विकेटपेक्षा ओव्हर महाग होत्या.

काही आठवड्यांनी वानखेडेवर विकेट महाग होत्या. न्यूझीलंडविरुद्ध १४७ हव्या होत्या, तिसराच दिवस होता, वेळेची काहीच टंचाई नव्हती. भारत २९.१ ओव्हरमध्ये १२१ वर बाद झाला, त्यातल्या ६४ एकट्या पंतच्या. मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने सहा बळी घेतले. पंतने केलं ते मला चुकीचं वाटत नाही. अशा खेळपट्टीवर कधीतरी न खेळता येण्यासारखा चेंडू येणारच, त्याआधी धावा काढून ठेवाव्यात. पण २९ ला ५ झाल्यावर तो एकटा पडला, दुसऱ्या टोकाला तासभर उभा राहील असा माणूस त्याला मिळाला नाही.

म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला दोन आकडे कागदावर लिहा, राहिलेल्या ओव्हर आणि राहिलेल्या विकेट, आणि कमी काय आहे ते ठरवा. डाव घोषित करतानाही हेच. समोरच्या सलामीच्या जोडीने दोन तास ऊन खाल्लेलं असावं आणि दिवसाच्या पंधरा-वीस ओव्हर शिल्लक असाव्यात, ही माझ्या मते सर्वांत चांगली वेळ. डाव घोषित केल्याचं अंपायर आणि समोरच्या कर्णधाराला सांगावं लागतं, तो नियम आहे. पण तंबूतून नुसता हात हलवू नका. पॅव्हेलियनमध्ये बोलावताय की ग्लोव्हज हवेत का विचारताय, हे फलंदाजाला कळत नाही आणि आम्हा स्कोअररनाही.